एनओई बिल्डअप: ३०० मिलिसेकंदाचा बिंदू दर वेळी खाली पडतोय

खड्ड्यातला_आलेख:
मंडळी, लहान रेणू आहे, त्यातल्या प्रोटॉनमधली अंतरं काढायला नोएसी घेतलंय (जवळच्या प्रोटॉनचा एकमेकांवरचा परिणाम, म्हणजे एनओई, दाखवणारा एनएमआरचा प्रयोग). मिक्सिंग टाइम (हा परिणाम वाढायला दिलेला वेळ) १०० ते ५०० मिलिसेकंद, पाच बिंदू. टॉपस्पिन या एनएमआर सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस करून एनएमआरग्लू लायब्ररीच्या रीड_पीडेटाने पायथनमध्ये वाचले आणि बिंदूंवर रेघ बसवायला सायपायच्या कर्व्ह_फिटला दिले. एका क्रॉसपीकचे, म्हणजे दोन प्रोटॉनमधला एनओई दाखवणाऱ्या शिखराचे, आकडे (चिन्ह काढून): ४.०, ७.६, ५.४, १३.७, १६.२. सगळ्याच पीकना तिसऱ्या जागी असाच खड्डा. तो बिंदू गाळून फिट करू का? की सरळ पूर्ण रिलॅक्सेशन मॅट्रिक्सकडे (सगळे प्रोटॉन एकदम धरणाऱ्या गणिताकडे) जाऊ?

ट्यूबवाला:
गाळू नका. त्याच प्रोटॉनच्या डायगोनल पीकचे (कर्णावरच्या त्याच्या स्वतःच्या शिखराचे) आकडे टाका आधी.

खड्ड्यातला_आलेख:
१०००, ९५०, ४५०, ८५५, ८१२. अरेच्चा, इथेही तोच खड्डा!

ट्यूबवाला:
मग रेणूला दोष देऊ नका. टॉपस्पिन डेटा पूर्णांकात साठवतो आणि प्रत्येक स्पेक्ट्रमला दोनच्या घाताचा गुणक लावतो. तो प्रॉक्स फाइलमध्ये एनसी_प्रॉक नावाने सापडेल. तिसऱ्या स्पेक्ट्रमचा एकाने जास्त असणार, म्हणून साठवलेले आकडे निम्मे. रीड_पीडेटा हा गुणक आपणहून लावत नाही, स्केल_डेटा=ट्रू असं सांगावं लागतं. मीही यात आठवडा घालवलाय, तेव्हा लाजू नका.

आता क्रॉसपीकला डायगोनलने भागा: ०.००४, ०.००८, ०.०१२, ०.०१६, ०.०२०. रेघ सरळ! डायगोनलने भागलं की गुणक तर उडतोच, शिवाय रिलॅक्सेशनने (प्रोटॉन मूळ स्थितीला परतल्याने) होणारी घटही बरीचशी निघून जाते. उतार ०.०४ प्रतिसेकंद, हाच तुमचा सिग्मा, म्हणजे एनओई वाढण्याचा वेग; तो अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. एवढ्यासाठी मॅट्रिक्स कशाला?

(कर्व्ह_फिटमधला 'सिग्मा' मात्र वेगळा, तो मोजमापातली अनिश्चितता. नावांच्या या गोंधळात बरेच जण फसतात. खऱ्या एककातली अनिश्चितता देत असाल तर अ‍ॅब्सोल्यूट_सिग्मा=ट्रूही द्या.)

खड्ड्यातला_आलेख:
बिंदू रेघेवर आले! संदर्भाला सीएच-टूची जोडी (एकाच कार्बनवरचे दोन प्रोटॉन) घेतली, त्यांच्यातलं अंतर माहीत आहे, १.७८ आंगस्ट्रॉम. तिचा सिग्मा ०.४८. गुणोत्तर १२, त्याचं सहावं मूळ १.५१, म्हणजे अंतर २.६९. बरोबर ना?

शून्यक्वांटम:
गणित बरोबर, पण संदर्भावर माझा तितकासा विश्वास नाही. एकाच कार्बनवरच्या दोन प्रोटॉनमध्ये जे-कपलिंग (बंधांमार्फतची जोडणी) मोठं असतं, त्यामुळे क्रॉसपीकमध्ये झिरो-क्वांटम नावाच्या नकोशा सिग्नलचा वर-खाली जाणारा आकार मिसळतो आणि इंटिग्रल बिघडतो. हा सिग्नल दाबणारा झेड-फिल्टर असलेलं पल्स प्रोग्राम वापरलंत का? नसेल तर बेंझिन रिंगवरची शेजारची जोडी, सुमारे २.४८ आंगस्ट्रॉम, तीही घेऊन पडताळा. कर्णाच्या दोन्ही बाजूंचे क्रॉसपीक सारखे येतात का तेही बघा. फार फरक असेल तर दोन स्कॅनमधला विराम कमी पडलाय.

ट्यूबवाला:
संदर्भाबाबत सहमत. आणि एक, सहावं मूळ चुका झाकतं. सिग्मा निम्मा आला तरी अंतर फक्त १२ टक्क्यांनी वाढतं. खड्डा तसाच ठेवला असता तरी २.७ च्या आसपासच काहीतरी आलं असतं आणि तुम्ही ते लिहूनही टाकलं असतं.

खड्ड्यातला_आलेख:
तसा झेड-फिल्टर नव्हता. रिंगवरच्या जोडीने करून उद्या आकडे टाकतो.