एअरपोर्टवर काम करणारे, रोजचं चेकिंग कसं सांभाळता?

रॅम्पवाली: ग्राउंड हँडलिंगला (विमान जमिनीवर असतानाची सामान वगैरेची कामं) लागून 3 महिने झाले. शिफ्टला 5-6 वेळा फ्रिस्किंग (अंगझडती) होतं, जरा बाहेर जाऊन आलं की परत लाईन, काल तर डबा उघडून आमटी दाखवली आणि तेवढ्यात बोर्डिंगला उशीर म्हणून सुपरवायझर ओरडला, रडूच आलं.

पाना_दादा: ताई, मी इंजिनिअरिंगला. आमचा एकेक स्क्रूड्रायव्हर मोजून आत आणि मोजूनच बाहेर. एकदा 10 नंबरचा पाना सापडेना, पाऊण तास टॉर्च घेऊन विमानाखाली शोधला. चिडचिड झाली खरी, पण तो इंजिनात गेला असता तर?? बाकी सेफ्टी शूज कंपोझिटचे (पुढे धातू नसलेले) घे, स्टीलवाले दरवेळी बीप करतात.

जुना_स्टाफ: 1999 ला कंदाहारचं विमान अपहरण झालं, त्यानंतर 2000 पासून एअरपोर्टच्या सुरक्षेला सीआयएसएफ (केंद्राचं सुरक्षा दल) आलं. चेकिंगवाल्या मुलीही उभ्याने ड्युटी करतात गं, नावाने हाक मारून बोलत जा, खूप फरक पडतो. आणि पास हरवला तर लपवू नकोस, लगेच कळव.

रॅम्पवाली: थँक्यू दादा, काका. शूज या पगारात घेते, डब्यात उद्यापासून सुकी भाजी.