मेइजी जपानचा धर्म: पाश्चात्त्य साचा की घरचाच वाद?

पागोळी (धागाकर्ता)

जपानच्या शिकोकू बेटावर कोतोहिरा नावाचे देवस्थान आहे. ७८५ पायऱ्या चढून मुख्य देवळापाशी पोहोचले की तिथे आज ओमोनोनुशी हा शिंतो, म्हणजे जपानच्या स्थानिक पंथातला, देव पूजला जातो. १८६८पूर्वी मात्र तिथे कोन्पिरा होता, आणि कोन्पिरा म्हणजे संस्कृतातल्या 'कुंभीर' या शब्दाचे, म्हणजे मगरीचे, जपानी रूप. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेली ही मगर तिकडे दर्यावर्दी लोकांची राखणदार झाली. देव कुठला आणि बुद्धाच्या परिवारातला कुठला, हा प्रश्न तिथल्या भाविकांना हजारेक वर्षे पडलेला नव्हता. १८६८ साली सम्राट मेइजींच्या नव्या सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले. त्यानंतर कोतोहिराचे मूर्तिविधान, पुजारी आणि देवाचे नावही बदलले. क्योतोमधल्या गिओन देवस्थानाचे तेच झाले. बुद्धाच्या जेतवन विहाराचा राखणदार मानला गेलेला गोझु तेन्नो तिथून हटला आणि देवस्थानाचे नाव 'यासाका' झाले.

याला 'प्राचीन परंपरेकडे परतणे' म्हटले जाते. माझे मत उलट आहे. जे घडले ते पाश्चात्त्य राष्ट्रांकडे पाहून घडले, आणि परतण्याजोगे असे शुद्ध शिंतो आधी कुठे नव्हतेच. १८८८ साली राज्यघटनेच्या मसुद्यावर चर्चा सुरू होताना घटनेचे शिल्पकार इतो हिरोबुमींनी मांडलेला मुद्दा पाहा: युरोपात धर्म हा राज्याचा कणा आहे, जपानमधले धर्म तेवढे बळकट नाहीत, म्हणून इथे तो कणा राजघराण्याचा असावा. याचा अर्थ असा की खाच युरोपची होती आणि तिच्यात बसवायला सम्राट सापडला. पुढे १८८९च्या घटनेच्या २८व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले, पण प्रजा म्हणून असलेल्या कर्तव्यांच्या ते आड येणार नाही तेवढेच. देवस्थानांपुढे झुकणे हे कर्तव्यात मोडते, धर्मात नाही, असे ठरवून टाकले की स्वातंत्र्यही शाबूत राहते आणि सक्तीही. १९०० साली तर गृहखात्याने देवस्थानांचे एक कार्यालय आणि धर्मांचे दुसरे, अशी फाळणीच केली. 'धर्म' या अर्थाने आज सर्रास वापरला जाणारा 'शूक्यो' हा शब्दसुद्धा परदेशी तहांच्या भाषांतराच्या निमित्ताने रुळला.

दप्तरदार

लेख वाचनीय आहे, पण कालक्रमात घसरला आहे. जपानची दारे उघडायला लावणाऱ्या अमेरिकी नौदल अधिकारी पेरीची जहाजे १८५३ साली आली. आइझावा सेइशिसाइ या मितो संस्थानातल्या विद्वानाचा 'शिनरोन' हा ग्रंथ १८२५चा. सम्राट, देवपूजा आणि राज्यकारभार यांची एकजूट हवी, हे त्यात पुरेसे स्पष्टपणे आले आहे. त्याच मितोमध्ये पुढे तिथला संस्थानिक तोकुगावा नारिआकीने तोफा ओतण्यासाठी बौद्ध मंदिरांच्या घंटा वितळवल्या, तेव्हाही मेइजी सरकारचा पत्ता नव्हता.

बौद्ध मठांवरचा राग तर त्याहून जुना आहे. एदो काळात, म्हणजे मेइजींच्या आधीच्या शोगुनांच्या राजवटीत, आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. त्या नोंदीचा दाखला भिक्षूच्या हाती, आणि श्राद्ध-अंत्यविधींची दक्षिणाही त्याच्याच हाती. ही मक्तेदारी अडीचशे वर्षे चालल्यावर, १८६८चा हुकूम फक्त 'वेगळे करा' एवढाच असताना, लोकांनी जागोजागी मूर्ती का फोडल्या याचे उत्तर लंडन-बर्लिनमध्ये शोधण्याची गरज नाही. सात्सुमा संस्थानात हजाराहून अधिक बौद्ध मंदिरे होती. त्यातले एकही शिल्लक ठेवले नाही. हे काम घरच्या माणसांनी, घरच्या रागातून केले.

पागोळी

दप्तरदार, 'शिनरोन'चा दाखला तुम्हीच दिलात हे बरे झाले. १८२४ साली मितोच्या ओत्सु किनाऱ्यावर इंग्रज व्हेलशिकारी उतरले होते आणि त्यांची चौकशी करायला पाठवलेल्यांमध्ये हेच आइझावा होते. ग्रंथ दुसऱ्या वर्षीचा आहे. ख्रिस्ती धर्मामुळे पाश्चात्त्यांची प्रजा एकजीव होते आणि तेच त्यांचे खरे शस्त्र आहे, हे त्यांचे प्रतिपादन. म्हणून जपानलाही तसे काहीतरी हवे. जहाजे १८५३च्या आधीच मनात शिरली होती. मठांवरच्या रागाबद्दल मात्र तुमचे म्हणणे मान्य. ती बाजू माझ्या लेखातून सुटली.

शिळोप्या

तुम्ही दोघेही राज्यकर्ते आणि विद्वान यांच्यापलीकडे जायला तयार नाही आहात. नाराच्या कोफुकुजीचे भिक्षू हुकूम येताच शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी होऊन बसले आणि मठ ओस पडला. पाच मजली पॅगोडा विकायला निघाला होता. पर्यटक ज्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढत आले तोच तो पॅगोडा.

माझ्या दृष्टीने खरा घाव १९०६ नंतरचा आहे आणि त्याची चर्चा कुणीच करत नाही. त्या साली सरकारने गावोगावची छोटी देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करण्याचे धोरण काढले. कारण अगदी दप्तरी होते: एका गावाला एक देवस्थान, त्याला ठरावीक उत्पन्न, ठरावीक पुजारी. सुमारे १ लाख ९० हजार देवस्थानांपैकी दहाएक वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास नाहीशी झाली. देवस्थान गेले की त्याभोवतीची राई तोडायला मोकळी. ज्यांनी कोकणातली देवराई पाहिली आहे त्यांना यात काय गेले ते वेगळे सांगायला नको.

याविरुद्ध उभा राहिला तो मिनाकाता कुमागुसु. लंडनमध्ये आठ वर्षे काढलेला, 'नेचर'मध्ये लेख लिहिणारा हा संशोधक वाकायामात परतून राया वाचवण्यासाठी भांडत होता. १९१० साली एका सभेत घुसून गोंधळ घातल्याबद्दल तो अठरा दिवस कोठडीतही राहिला. आता सांगा, पाश्चात्त्य कोण आणि पारंपरिक कोण? गावदेव मोडणारे सरकार 'परंपरे'च्या नावाने बोलत होते, आणि तो वाचवणारा विलायती शास्त्राच्या आधाराने भांडत होता.

क्योतोकर

मी क्योतोत सहा वर्षे राहतो आहे. वरची चर्चा वाचताना वाटले की आपण एका मोडतोडीचे पंचनामे करतो आहोत, पण प्रत्यक्षात लोकांनी फारसे काही मोडू दिलेले नाही. आमच्या घरमालकीणबाईंच्या घरी वरच्या फळीवर देवांचे कामिदाना आहे आणि आतल्या खोलीत पितरांचे बुत्सुदान. सकाळी पहिल्या वाफेचा भात बुत्सुदानपुढे जातो, मग आम्हाला. यासाका देवस्थानाला त्या आजही 'गिओन-सान'च म्हणतात, आणि गिओनच्या उत्सवाचा जुलै महिना लागला की घरात काकडी चिरत नाहीत, कारण काकडीची आडवी चकती देवस्थानाच्या मोनसारखी, म्हणजे चिन्हासारखी, दिसते. सरकारने देवाचे नाव बदलले, काकडीचा नेम तसाच राहिला.

आणि नवे तेही लोकांनी आनंदाने घेतले. शिंतो पद्धतीचे लग्न प्राचीन वाटते ना? ते १९०० साली युवराजांच्या विवाहानंतर तोक्योतल्या देवस्थानाने सामान्यांसाठी सुरू केले. नववर्षाच्या देवदर्शनाची आजची धामधूम रेल्वेने वाढवली. कावासाकीच्या दाइशी मंदिराकडे १८९९ साली सुरू झालेली विजेची गाडी मुळात भाविकांच्या ने-आणीसाठीच होती. याला फसवणूक का म्हणावे?

शिळोप्या

काकडीचा नेम टिकला हे छानच आहे. पण 'लोकांनी हवे ते घेतले' हे वाक्य १८९१च्या उचिमुरा कान्झोला ऐकवून पाहा. तोक्योच्या शाळेतला हा ख्रिस्ती शिक्षक सम्राटांच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रावरील सहीसमोर पुरेसा वाकला नाही, एवढ्यावरून देशद्रोही ठरला आणि नोकरी गमावून बसला. 'हा धर्म नाही, कर्तव्य आहे' या युक्तीची किंमत त्याने मोजली.

पागोळी

त्याच शाळांमध्ये सम्राटांचे जे चित्र पूजले जाई, ते एदोआर्दो किओस्सोने या इटालियन कलावंताने १८८८ साली रेखाटले आणि मग त्याचे छायाचित्र काढून ते देशभर पाठवले गेले. सम्राट युरोपीय लष्करी गणवेशात आहेत. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा त्या एका चित्रात आहे, हे मूळ लेखात लिहायला हवे होते.

दप्तरदार

चित्राचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही तुमचा सिद्धान्त मला १८६८पेक्षा १९४५ला अधिक लागू वाटतो. शिंतो हा 'धर्म' आहे आणि म्हणून तो राज्यापासून तोडला पाहिजे, हे १५ डिसेंबर १९४५च्या आदेशाने अमेरिकी अंमलाने ठरवले. मेइजी सरकार म्हणत होते की हा धर्म नाही. विजेत्यांनी सांगितले की आहे. दोन्ही वेळा चौकट 'धर्म' या एकाच आयात शब्दाची होती. एवढ्यापुरते तुमच्या बाजूला येतो.

पण तो निवाडाही टिकला नाही. त्सु या शहराच्या पालिकेने १९६५ साली व्यायामशाळेच्या बांधकामाआधी शिंतो पुजाऱ्यांकडून भूमिपूजन करवून घेतले आणि त्यावर ७,६६३ येन खर्च केले. एका नगरसेवकाने दावा लावला. नागोयाच्या उच्च न्यायालयाने ते धर्मकृत्य ठरवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले की ही निव्वळ लौकिक रूढी आहे. विरोधात गेलेल्या पाचांमध्ये खुद्द सरन्यायाधीश फुजिबायाशी एकिझो होते. ते ख्रिस्ती होते, आणि चर्चविना ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या ज्या प्रवाहातले ते होते, तो शिळोप्यांच्या उचिमुराने सुरू केलेला.