तांबूला एक रात्र बाहेर ठेवायचंय

बुधवार

अश्विनी (सी-404): नमस्कार सगळ्यांना 🙏 पुढच्या शनिवारी धुळ्याला नणंदेचं लग्न आहे, रविवारी संध्याकाळी परत. हॉलवर कुत्रा चालणार नाही म्हणाले. तांबूला दिंडोरी रोडच्या पुढे एका फार्महाऊसवर बोर्डिंगला ठेवतोय. पाच वर्षांत तो एक रात्रही घराबाहेर राहिलेला नाही. काय तयारी करू? मला तर आत्तापासूनच पोटात गोळा आलाय.

नाना (ए-101): दिवाळीत रात्री 11 ते पहाटे 4 भुंकत होता. वेळ लिहून ठेवली आहे. पुन्हा तसे होऊ नये.

अश्विनी (सी-404): नाना, म्हणूनच बाहेर ठेवतोय.

विद्या काकू (सी-403): बाहेर कशाला गं? पार्किंगमध्ये डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून कापसाच्या बोळ्याने दूध पाजलंय मी त्याला. आमचं घर काय परकं आहे?

अश्विनी (सी-404): परकं नाही हो काकू. पण दिवाळीत किल्ली तुमच्याकडेच होती ना…

विद्या काकू (सी-403): त्या रात्री माझा गुडघा धरला होता. तेव्हाच सांगितलं होतं. असो.

शैलजा ताई (बी-302): अश्विनी, आमच्या ब्रूनोचं सांगते. एका ठिकाणी ठेवला होता, नाव घेत नाही. लसीची वगैरे सगळी धावपळ आम्ही जायच्या दिवशी सकाळी केली. घरी आल्यावर पाचव्या दिवशी खोकायला लागला, घशात हाड अडकल्यासारखा, आणि शेवटी पांढरा फेस. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांपासून लागणारा खोकला. लागण झाल्यावर 2 ते 14 दिवसांनी दिसतो, त्यामुळे तिथे कुणाला पत्ताच लागत नाही. तू उद्याच डॉक्टरांकडे जा. नाकात सोडायची लस मिळते का विचार, ती काही दिवसांत काम करते. टोचायची असेल तर पहिल्यांदा दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे. तेवढा वेळ नाहीये तुझ्याकडे.

अश्विनी (सी-404): रेबीज आणि दुसरी मोठी लस जूनमध्ये झालीये. ही नाही झालेली. उद्या जाते.

रोहित (ए-204): एक डोस नानांनाही द्या, पहाटे 5 ला जिन्यात खोकतात 😄

नाना (ए-101): मी 74 वर्षांचा आहे. माझ्या खोकल्यावर बोलण्याआधी तुमची बाइक माझ्या जागेतून काढा.

रोहित (ए-204): गंमत केली नाना. बाइक काढतो.

मकरंद, सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. पुढच्या शनिवारी टाकी धुणार आहेत, पाणी सकाळी 8 पर्यंतच येईल.

गुरुवार

अश्विनी (सी-404): नाकातली लस झाली. डॉक्टरांनी गोचिडांचं औषधही दिलं. पुस्तिकेवर सही-शिक्का घेतला, बोर्डिंगवाले मागतात.

प्रशांत (बी-101): ताई, सोडताना अर्धी झोपेची गोळी द्या. आमच्या मावशीकडे देतात, गपगार पडून राहतो.

शैलजा ताई (बी-302): अजिबात नको!! माणसांची कुठलीच गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गुंगीतल्या कुत्र्याला अनोळखी जागेत जास्त भीती वाटते, पाय लटपटतात, कुठून आवाज आला ते कळत नाही.

प्रशांत (बी-101): बरं बरं. चांगल्या हेतूने सांगितलं होतं.

नाना (ए-101): दिवाळीत 11 ते 4. पुन्हा तसे होऊ नये.

अश्विनी (सी-404): 🙏

संजय काका (सी-101): आमचं माहेर मोहाडीचं, म्हणजे हिचं. अश्विनी, तिकडे आजूबाजूला द्राक्षबागा असतील. सध्या काढणी चालू आहे, खाली घडचे घड पडलेले असतात. कुत्र्याला द्राक्ष चालत नाही हे माहितीये ना?

विद्या काकू (सी-403): काहीतरीच. आमच्या गावची कुत्री बागेतच वाढली.

शैलजा ताई (बी-302): काकू, काहींना काही होत नाही आणि काहींच्या किडन्या थोड्या द्राक्षांनीही जातात. कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नको. बेदाणे तर त्याहून वाईट. अश्विनी, तिथल्या माणसाला तोंडी सांगू नकोस, लिहून दे. आणि हेही लिही, की खाल्लं तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

विद्या काकू (सी-403): मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. तो तांदळाच्या कण्या आणि चिकनवर वाढलाय. पाकिटातलं कोरडं खाणं दिलं की त्याला हगवण लागते.

शैलजा ताई (बी-302): हे मात्र काकूंचं शंभर टक्के बरोबर. जेवण घरचंच द्या, एक वेळचं जास्तीचं. जागा बदलतेच आहे, वर खाणंही बदललं तर पोट बिघडणारच.

विद्या काकू (सी-403): मी करून देते डबे. मीठ-कांदा नाही घालत, माहितीये मला.

अश्विनी (सी-404): काकू ❤️

संजय काका (सी-101): दुसरं, बिबट्या. गंगापूर रोडला भर वस्तीत येतो, तर मळ्यात येणार नाही का? कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य. रात्री कुठे झोपवतात ते स्वतः बघून ये. पक्की भिंत, वर छप्पर, दार बंद. नुसती जाळी असेल तर ठेवू नकोस.

रोहित (ए-204): काका, आधीच तिच्या पोटात गोळा आलाय 🙈

संजय काका (सी-101): घाबरवत नाहीये. बघून ये म्हणतोय.

शुक्रवार

अश्विनी (सी-404): जाऊन आलो. खोल्या विटांच्या, लोखंडी दार, रखवालदार तिथेच राहतो. पण कुंपण जेमतेम छातीएवढं आहे आणि तांबू आपल्या गेटवरून उडी मारतो.

शैलजा ताई (बी-302): मग मोकळा सोडायचाच नाही, रुळेपर्यंत साखळी हातात. देशी कुत्रा पहिल्याच दिवशी घराच्या दिशेने पळतो. पट्ट्याला फोन नंबर लाव, आणि पट्टा मानेतून निसटतो का ओढून बघ. माझं ऐकशील तर मंगळवारी एक रात्र ठेवून बघ. काही बिनसलं तर तू अर्ध्या तासात पोचशील, धुळ्याहून नाही पोचणार. त्याची चादर न धुता दे.

मकरंद, सेक्रेटरी: शनिवारी टाकी. पाणी 8 पर्यंत.

प्रशांत (बी-101): विषय निघालाच आहे तर कुत्र्यांसाठी लिफ्टचा वेगळा चार्ज घ्यायचा का, मीटिंगमध्ये ठेवा.

मकरंद, सेक्रेटरी: तसा घेता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत, मागेच ग्रुपवर टाकल्या होत्या. वर बघा.

नाना (ए-101): त्यात 11 ते 4 भुंकण्याबद्दल काय लिहिले आहे?

बुधवार

अश्विनी (सी-404): काल ठेवला होता. जाताना मी रडले नाही, साखळी दिली आणि वळले. संध्याकाळी जेवला नाही. रखवालदाराने रात्री 10 ला व्हिडिओ पाठवला, दाराशी उभा राहून गाडीच्या आवाजाकडे कान करत होता. मी उठून निघणारच होते, ह्यांनी थांबवलं. मग 11.30 ला फोटो आला: चादर तोंडाने ओढून कोपऱ्यात नेलेली आणि त्यावर नाक खुपसून झोपलेला. सकाळी काकूंचा डबा चाटूनपुसून साफ.

विद्या काकू (सी-403): फोटो टाक की इथे.

शैलजा ताई (बी-302): एक वेळ नाही जेवला तरी घाबरू नकोस. 24 तास खाल्लंच नाही किंवा पाणी पिणं बंद केलं, तर मात्र त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांग. आपल्या डॉक्टरांचा नंबर दिलास ना तिथे?

अश्विनी (सी-404): दिला. द्राक्षांचं लिहून भिंतीला चिकटवून आले. शनिवारी सकाळी 7 ला निघू. एक विनंती आहे सगळ्यांना, खाली त्याच्याभोवती जमू नका, लाड करू नका, बाय-बाय म्हणू नका. त्याला लगेच कळतं. काकू, तुम्हीसुद्धा.

विद्या काकू (सी-403): मी खिडकीतून बघेन. डबे 6.30 ला तयार असतील, ह्यांच्या हाती पाठवते.

मकरंद, सेक्रेटरी: शनिवारी पाणी 8 पर्यंत. नंतर फोन करू नये.