रविवारची राईड: तुम्ही रांगेत कुठे होतात?

रत्नागिरीहून आरे-वारे, मालगुंड, जयगड. तिथून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, तवसाळ. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, आणि येताना आबलोलीवरून भातगाव पुलाने घरी. आपल्या क्लबची बाइकची राईड झाली, फोटो टाकून झाले, 'कडक' आणि 'एक नंबर' लिहूनही झालं. आता या धाग्यावर जरा बैजवार लिहूया.

विनंती एकच. किती वाजता निघालो ते लिहू नका, सगळ्यांना ठाऊक आहे. वीस-बावीस गाड्यांच्या रांगेत पहिल्याला दिसलेला रस्ता शेवटच्याला दिसत नाही. तेव्हा आपापल्या जागेवरून काय दिसलं आणि काय खटकलं ते सांगा. पुढची आखणी त्यावरूनच करायची आहे. सुरमईच्या थाळीवर मात्र कोणी लिहू नये. तिचे फोटो एव्हाना सगळ्यांच्या मामा-मावश्यांपर्यंत पोचलेत.

लीडवरून, म्हणजे रांगेतल्या पहिल्या गाडीवरून

हेदवीला पोचायची एवढी घाई कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बामणघळीसाठी. किनाऱ्याच्या कातळातली ती अरुंद घळ ओहोटीला पाहिली तर नुसती भेग दिसते. पाणी आत घुसून उसळायचं तर भरती हवी. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. रविवारी चतुर्दशी होती, सोमवारी दत्तजयंती. चौदाची पाऊणपट साडेदहा. त्याच्या आगेमागे पूर्ण भरती, आणि पौर्णिमा तोंडावर म्हणून उधाणाची. मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते हे मलाही माहीत आहे, पण रेंज गेली की तिथीच बरी.

म्हणून सगळं उलटं मोजत आलो. हेदवी साडेदहाला, तर जयगडची जेटी नऊच्या सुमाराला, तर नाश्ता मालगुंडला आणि तोही आटोपशीर. केशवसुतांच्या घरापर्यंत जाऊन आत न शिरता परत फिरलो याचं मलाही वाईट वाटलं. आरे-वारेच्या वळणावर थांबू दिलं नाही याचं मात्र अजिबात नाही. खाली दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, मान्य. पण तिथे गाड्या लावल्या तर त्या रस्त्यावरच लागतात, आणि गणपतीपुळ्याला निघालेली मंडळी त्या वळणावर समुद्राकडे बघतच गाडी चालवत असतात. वर मोकळी जागा आहे, तिथे दहा मिनिटं दिली होती. ती कोणाच्या लक्षात नाहीत.

पावसाळ्यात बामणघळ जशी कडाडते तशी ती डिसेंबरात कडाडणार नव्हतीच. पण पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलं, एवढं ज्यांनी पाहिलं ते सांगतील.

स्प्लेंडरवरून, लीडच्या लगेच मागे

नवख्याने आणि लहान इंजिनाच्या गाडीने लीडच्या मागे राहायचं, हे ऐकलं तेव्हा शिक्षा झाल्यासारखं वाटलं होतं. मला वाटायचं हळू चालणारा शेवटी हवा, म्हणजे कोणाला आड येत नाही. तवसाळची चढण लागल्यावर कळलं. मी दुसऱ्या गिअरवर कुथत होतो आणि लीड आरशात बघून बरोबर तेवढाच वेग धरत होता. शेवटी असतो तर मला कोणी पाहिलंच नसतं.

सरळ रस्त्याला आम्ही तिरके चालत होतो. लीड मधल्या रेषेकडे, मी डाव्या कडेला, तिसरा पुन्हा लीडच्या रेषेत. पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. ताशी ४० च्या वेगाला ते साधारण २२ मीटर होतं, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. वळणं सुरू झाली की तिरकेपणा सोडून एकामागे एक.

हेदवीच्या अलीकडे उतारावर समोरून लालपरी चढत आली. लीडने हात वर केला, सगळी रांग कडेला. घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे. जाताना ड्रायव्हरकाकांनी हात केला. कॉलेजात असताना याच गाडीला लोंबकळत जायचो. त्यांना वाट करून देताना जरा छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

खंडाळा नाक्यावरून, थांबलेला

मी काही कोणाला रांगेत दिसलो नसेन, कारण खंडाळ्याच्या वळणावर मला उभं केलेलं. पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. फाटा आला की लीडच्या मागची गाडी तिथे थांबते, हाताने दिशा दाखवते, सगळी रांग पुढे जाऊ देते आणि शेवटच्या माणसाच्या पुढे शिरते. पुढच्या फाट्याला त्या वेळी जो लीडमागे असेल तो. म्हणजे कोणी मागे राहिलं तरी चुकत नाही आणि दर फाट्याला अख्खी रांग थांबवावी लागत नाही. दुसरा आमचा स्प्लेंडरवाला होता, त्याला यातून सूट, म्हणून तिसरा मी.

खंडाळ्याला उभा होतो तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "मोर्चा कुणाचा?" म्हटलं, मोर्चा नाही हो, फिरायला निघालोत. तो म्हणाला, "मग तुम्ही का उभे?" यावर काय बोलणार!

पण अख्खी रांग डोळ्यांसमोरून गेलेली पाहणारा मी एकटाच. चार जण पुढच्याच्या अगदी चाकाला चाक लावून चालत होते. नावं सांगत नाही. त्यांचं त्यांना कळेल. त्या रस्त्याला जयगड बंदराकडचे ट्रक असतात. ट्रकने करकचून ब्रेक मारला तर पहिला थांबेल, दुसरा पहिल्यावर.

मागच्या सीटवरून

चालवणाऱ्यांना रस्ता दिसतो. बाकीचं सगळं आम्हाला. झोडणी संपून मळ्यात रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या, मोहोर धरायला लागलेली कलमं, चिरेखाणीतून निघालेला लाल धुरळा, जयगडच्या धक्क्यावर जाळं शिवत बसलेले दोघे आजोबा. यांना घरी येऊन विचारलं, ते जाळंवाले पाहिलेस का, तर म्हणे कुठले? मी त्या वेळी गिअर बघत होतो.

आता खटकलं ते. थांबे ठरवताना पेट्रोल, चहा, फोटो सगळ्याचा विचार होतो. आम्हा पाच-सहा बायकांना कुठे जाता येईल याचा होत नाही. एका पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी 'शेठकडे'. शेवटी मालगुंडला नाश्त्याच्या घरच्या वहिनींनी विचारायच्या आत मागचं दार दाखवलं. त्यांना कळतं, क्लबला कळत नाही. पाणी कमी पिऊन राईड करायची, हा उपाय नाही. डिसेंबर होता म्हणून निभावलं.

दुसरं म्हणजे मागच्याचं हेल्मेट. आरे-वारेपर्यंत दोघी हेल्मेट हातात धरून बसल्या होत्या, केस विस्कटतात म्हणून. कायदा मागच्यालाही लागू आहे, आणि डांबर पुढच्या-मागच्यात भेद करत नाही.

उजव्या गिअरच्या बुलेटवरून

माझ्या गाडीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. नव्या पोरांना मौज वाटते. चालवायला मागतात, देत नाही. ऐन वेळी पाय सवयीने जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो.

जेटीबद्दल दोन शब्द. मागे बसलेल्याला आधी उतरवा. उताराची लोखंडी पट्टी ओली असते, तिच्यावर पुढचा ब्रेक धरला की चाक सरलंच. सरळ रेषेत, पहिल्या गिअरवर, न थांबता आत. डेकवर इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, आणि मालकाने शेजारी उभं राहायचं. सेल्फीसाठी पुढे धावू नये. रविवारी भरती होती म्हणून उतार बेताचा लागला. हीच जेटी सुकतीला घ्या, मग बघा. पूर्वी खाडी ओलांडायची तर चौघांनी गाडी उचलून होडीत ठेवायची आणि होडीला वेगळे पैसे द्यायचे. त्यामानाने ही चैन आहे.

सगळ्यात शेवटून

स्वीप म्हणजे झाडू. मागचं सगळं गोळा करत यायचं. याला दोनच नियम: कोणाच्याही पुढे जायचं नाही, आणि कोणालाही मागे ठेवायचं नाही.

लीड म्हणतो वेग पन्नासच्या वर नेला नाही. खरं आहे, त्याने नाही नेला. पण रांग असते इलॅस्टिकसारखी. पुढे खड्डा आला, लीडने तीस केले, खड्डा गेला, पुन्हा पन्नास धरले. मागचा प्रत्येक जण अर्धा सेकंद उशिरा वेग धरतो, आणि हे सगळे अर्धे सेकंद माझ्यापर्यंत येऊन साठतात. तोवर पुढची गाडी दिसेनाशी झालेली असते. पुढच्याचे पन्नास टिकवायला मला वेळणेश्वरच्या अलीकडे सत्तर गाठावे लागले, तेही वळणाच्या रस्त्यावर. म्हणून माझी सूचना अशी की पुढच्या वेळी दहा-दहाच्या दोन तुकड्या करा. दोन लीड, दोन स्वीप, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. एसटीला आणि गावातल्या रिक्षांनाही मध्ये शिरायला जागा मिळेल. अख्ख्या गावाने कडेला उभं राहून आपलं जाणं बघत बसावं, असं काही आपण कोणी नाही.

तवसाळ चढून वर आलो आणि एका गाडीची क्लच वायर तुटली. लिव्हरपाशी, नेहमी तिथेच तुटते. मुलगा रडवेला झाला. पण त्याच्या काकांनी गाडी देताना नवी वायर जुनीच्या शेजारून आधीच ओढून बांधून ठेवलेली होती. टाकी उघडायला नको, काही नको, दोन्ही टोकं अडकवली आणि ताण बसवला. मी जवळ पाने, पकड, प्लग, पंक्चरचं सामान, हवेचा पंप असं पोतंभर घेऊन हिंडतो, त्यातला फक्त दहा-बाराचा पाना लागला. त्या काकांना एकदा राईडला आणा.

महत्त्वाचं असं की आम्ही थांबलो तेव्हा तिघंच थांबलो. तो, मी आणि एक मदतीला. बाकी रांग गेली. मागच्या एका राईडला सगळेच्या सगळे थांबले होते. सल्ले वीस आणि रस्ता बंद.

भातगाव पुलावर मी एकटाच मागे होतो. खाली शास्त्री नदी, ऊन कललेलं. थांबलो मात्र नाही. पुलावर थांबायचं नाही हा माझाच नियम.

रांगेबाहेरून

मी क्लबात नाही. माझा भाचा आहे, त्याने इथे लिहायला सांगितलं. आमचं घर हेदवीच्या रस्त्याला लागूनच. रविवारी सकाळी आई ओटीवर वाती वळत बसलेली. तुमच्या रांगेतल्या बहुतेक गाड्या निमूट गेल्या, हे आधी सांगतो. तीन-चार मात्र अशा फाडफाड वाजत गेल्या की गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणलं आणि आईच्या हातचं ताट पडलं. पुढे दशभुजा गणपतीच्या चढावर पुन्हा तेच. फिरायला या, नको कोण म्हणतंय. चहा पण देऊ. तो आवाज तेवढा रत्नागिरीत ठेवून या.

त्या तीन-चारांतला एक

आवाजामुळे वळणापलीकडच्याला आपण येतोय हे कळतं. सुरक्षेचाच भाग आहे.

बुलेटवरूनच, पुन्हा

त्यासाठी हॉर्न असतो. कंपनीने दिलेला सायलेन्सर कापायला कायद्याने मनाई आहे. माझी गाडी तुझ्यापेक्षा जुनी आहे, ती बघ कशी बोलते.

मधल्या रांगेतून

दोनच गोष्टी. एक, वेळणेश्वरला वाळूत साइड स्टँड रुतून दोन गाड्या आडव्या झाल्या. स्टँडखाली चपटा दगड किंवा चेपलेला डबा ठेवायचा, नाहीतर गाड्या रस्त्यालाच ठेवाव्यात. दोन, घरी गेल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन कोरडी करून वंगण द्या. खारं वारं लगेच काही करत नाही, आठवड्याने करतं.

आणि थाळीबद्दल लिहायचं नाही म्हणालात, पण सोलकढी तिसऱ्यांदा मागितल्यावरही ज्यांनी हसून वाढली, त्यांच्याबद्दल लिहिलं तर चालेल ना?

धागा काढणारा, सगळ्यांना

चालेल.

ठरलं ते असं. दोन तुकड्या. सायलेन्सर कापलेल्या गाड्यांना राईडमध्ये जागा नाही, यावर मतदान घेणार नाही. थांब्यांची यादी आधी मागच्या सीटवाल्या तपासतील, मग लीड. आणि हेदवीच्या आईंना भाच्यातर्फे ताट पोचतं करू.

पुढची राईड दक्षिणेला: भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी. कशेळीच्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, हत्तीचं कातळशिल्प बघायचं आहे. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, त्यामुळे जवळ उभं राहिलं तर पाय कुठे आणि सोंड कुठे ते उमगायला वेळ लागतो. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर गाड्या चढवायच्या नाहीत, कितीही सपाट दिसला तरी. गाड्या रस्त्यालाच लावायच्या आणि चालत जायचं, रेषांवर पाय न देता. कातळ दहानंतर तापतो, म्हणून निघणं सहाला. ज्यांना चालायचं नसेल त्यांनी कनकादित्याच्या देवळात थांबावं.

नावं गुरुवारपर्यंत द्या. जेटीचे पैसे ज्यांचे राहिलेत त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, पण शुक्रवारपासून लिहीन.