गावच्या नावेला मागे लावायची मोटर घ्यावी की आत बसवायचं डिझेल इंजिन?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारा)

पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रामपंचायतीत नावेचा विषय पुन्हा निघालाय. वल्ह्यांच्या नावेवर भागत नाही, इंजिनाची नाव घ्यायची, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) दरपत्रकं मागवायला सांगितली आणि तिथून गावात दोन तट पडले. मी आउटबोर्डच्या बाजूचा आहे. का, ते मांडतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, कारण पैसा सगळ्या गावाचा आहे.

ज्यांनी ही यंत्रं जवळून पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पंखा एकाच सांगाड्यात असतात आणि तो सांगाडा नावेच्या मागच्या फळीला बाहेरून आवळायचा. इनबोर्डचं इंजिन नावेच्या पोटात कायमचं बसवलेलं. त्याचा शाफ्ट तळाच्या भोकातून बाहेर येतो, टोकाला पंखा आणि त्यामागे सुकाणू.

आता आपली नदी बघा. 2019 च्या मे महिन्यात चिकोडी-अथणी भागात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, कोयनेचं पाणी सोडा म्हणून मागण्या चालल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच नदी घराघरांत शिरली. इतका चढउतार असलेल्या पाण्यात पंखा खाली कायमचा अडकवून ठेवलेली नाव काय कामाची? उन्हाळ्यात ती गाळात रुतणार.

आणि पुरात आपण नाव नदीतून कुठे चालवतो? कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे बंधारे आणि पूल पाण्याखाली गेले की नाव चालते ती उसाच्या फडावरून, रस्त्यावरून, बांधांवरून. खाली काय काय असतं ते काठावरच्या माणसाला सांगायला नको. उसाचे शेंडे, कुंपणाच्या तारा, नदीतलं पाणी उपसायच्या जॅकवेलचं काँक्रीट, मोटारींच्या केबली. पुढे जाताना आउटबोर्डचा पाय, म्हणजे पंख्यासकट पाण्यात असणारा खालचा भाग, कशाला आपटला तर तो मागे झुलून वर येतो. पाणी उथळ लागलं तर तो अर्धवट उचलून सावकाश पुढे सरकता येतं. इनबोर्डचा पंखा मात्र जागच्या जागी मार खातो. शाफ्ट वाकला की तळाच्या भोकाशी पाणी अडवणारं जे पॅकिंग असतं तिथून पाणी आत यायला लागतं, आणि तेही नाव माणसांनी भरलेली असताना.

केंदाळाचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीचं, तर विचारूच नका. पंख्यात केंदाळ गुंतलं तर मोटर बंद करायची, पाय वर घ्यायचा, विळ्याने कापून टाकायचं. इनबोर्ड असेल तर कुणीतरी पाण्यात उतरायला हवं. वाहत्या पुरात कोण उतरणार?

शेवटचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. आउटबोर्ड वळवली की पंख्याचा जोरच त्या दिशेला वळतो. सुकाणूचं तसं नाही, त्याच्यावरून पाणी वाहत असेल तेवढंच ते काम करतं. भोवऱ्याजवळ, पुलाच्या खांबाजवळ वेग कमी करावा लागतो आणि नेमका तिथेच सुकाणूचा जोर जातो. एनडीआरएफच्या रबरी बोटींना मागे आउटबोर्डच असते, ती उगीच नाही. बोट ट्रकमधून येते, काठावर फुगवतात, मोटर आवळतात आणि निघतात.

उद्यमबाग

कृष्णाकाठ, तुमचे मुद्दे वाचले. पण तुम्ही पुराच्या चार दिवसांचा विचार केलात, यंत्राच्या वीस वर्षांचा नाही.

आउटबोर्ड बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? आपल्याकडच्या गावात तिची मेकॅनिकी येणारा माणूस दाखवा. सुटा भाग गोव्याहून किंवा आणखी लांबून येणार, तोवर पूर ओसरलेला असेल. डिझेल इंजिनाचं काय आहे? नदीवर पंप बसवून ज्यांनी रानं भिजवली त्या प्रत्येक गावात इंजिन उघडून बसवणारा मेस्त्री आहे. नोझल, रिंगा, बेअरिंग चिकोडीत, निपाणीत, कुठेही मिळतात. शाफ्ट वाकला म्हणता? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर नवा करून देतील. पंखा तुटला तर फाउंड्रीत ओतून मिळेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, पुढे 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. तेव्हापासून या मातीतला माणूस लोखंडाला भीत नाही. अशा ठिकाणी बाहेरून आणलेलं, आपल्या हाताला न येणारं यंत्र कशाला?

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमची मोटर वर्षातले दहा महिने बसून राहणार. टाकीत पाणी सुटणार, कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसणार, आणि ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री दोरी ओढून हात दुखतील. डिझेलला ही अडचण त्या मानाने फार कमी. पुरात डिझेल हवं तर गावातल्या ट्रॅक्टरच्या टाकीत असतंच.

केंदाळ आणि उथळ पाण्यावरही उपाय आहे. नावेच्या तळाला बोगद्यासारखी खोबण करून पंखा आत घेता येतो, खाली लोखंडी पट्टी मारता येते. मग मार पट्टीवर बसतो, पंख्यावर नाही.

कृष्णाकाठ

पेट्रोलचा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. पण त्याला रीत आहे. ठेवण्याआधी नळी काढून मोटर चालू ठेवायची, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून संपू द्यायचं, टाकी रिकामी करायची. पुढच्या वेळी ताजं पेट्रोल. टू-स्ट्रोक असेल तर बहुतेक मोटरींना पन्नास लिटरला एक लिटर ऑइल, पण डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच. दुचाकीचं ऑइल चालत नाही. ही मोटर नदीच्या पाण्याने थंड राहते, दुचाकीच्या इंजिनाएवढी तापत नाही, म्हणून तिचं ऑइल वेगळं असतं.

आणि दुरुस्तीचं म्हणाल तर आउटबोर्डचे दोन बोल्ट सोडवले की ती छोट्या टेम्पोत टाकून बेळगाव, गोवा, कुठेही नेता येते. नाव काठावरच राहते. दुसरी मोटर मागून आणली तर ती त्याच नावेला लागते. इनबोर्ड बिघडलं तर मेस्त्रीच नावेत जाऊन बसणार, पावसात, वाकून.

मळीकडचा

अण्णा, तुमी दोघं बी पुराचंच बोलालाय. आमचं रान नदीच्या पल्याड हाय. आमाला नाव रोज लागती. सकाळी बायामाणसं भांगलायला जात्यात, सांजंला वैरणीचे भारे येत्यात, दुधाचे कॅन येत्यात. पुलावरनं जायाचं म्हटलं तर लांबचा फेरा पडतोय.

ओझं भरल्यावर ती मागची मोटर नुसती किंचाळती बघा. बारका पंखा, फिरतोय जोरात, नाव काय हलत न्हाई. डिझेलचं इंजान डुगडुग करत मोठा पंखा सावकाश फिरवतंय आणि ओझं घेऊन जातंय. तेल बी कमी खातंय. रोजच्या कामाला पेट्रोल कुणाला परवडतंय ओ?

आनि चोरी. पाण्याच्या मोटारी, केबली रातोरात जात्यात आमच्याकडं. दोन बोल्टावर काढता येणारी मोटर काठावर ठेवली तर सकाळी रिकामी फळी दिसंल. नावेच्या पोटातलं इंजान कोण उचलणार?

चोर्लामार्गे

मी कामासाठी गोव्याला जाऊन येऊन असतो. तिथे दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर आहेत. पणजी-बेती फेरीबोट दिवसभर माणसं आणि दुचाक्या घेऊन ये-जा करते. तिच्या पोटात मोठं डिझेल आहे आणि तिला तेच शोभतं. त्याच पाण्यात लहान होड्या घेऊन मासेमारीला जाणारे मागे आउटबोर्ड लावतात, काम झालं की पाय वर घेऊन होडी वाळूवर ओढतात. ट्रॉलरला परत इनबोर्ड. म्हणजे नाव केवढी, ओझं किती, दिवसाचे तास किती आणि काठ कसा, यावर तिथे ठरतं. मळीकडचे म्हणतात ती नाव आणि कृष्णाकाठ म्हणतात ती नाव वेगवेगळ्या आहेत. पंचायत एकाच दरपत्रकात दोन्ही बसवायला बघतेय, भांडण तिथून सुरू झालंय.

हिडकलकर

2019 च्या ऑगस्टमध्ये पलीकडे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना आणणारी नाव उलटली, माणसं गेली. कृपा करून दरपत्रकात लाइफ जॅकेटं आधी लिहा, इंजिन किती घोड्यांचं (हॉर्सपॉवरचं) ते मागून. नावेवर किती माणसं बसवायची तो आकडा बाहेरून रंगवून घ्या. तो बघून नावाडी नाही म्हणू शकतो, नाहीतर गर्दीपुढे त्याचं कुणी ऐकत नाही.

उद्यमबाग

हिडकलकर, शंभर टक्के.

कृष्णाकाठ, मोटर नदीच्या पाण्याने थंड होते हे तुम्हीच लिहिलंत, आता त्यावर बोलू. पुराचं पाणी म्हणजे निम्मा गाळ. ते पाणी ओढायला आउटबोर्डच्या पायात रबरी पात्यांचा छोटा पंप असतो. गाळाने ती पाती झिजतात. तोंडाला पाचट किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटली की पाणी बंद, आणि थोड्या वेळात इंजिन जाम. हवेने थंड होणारं डिझेल इंजिन नावेत बसवलं तर नदीच्या पाण्याचा संबंधच येत नाही. हे तुमच्या यादीत कुठे आहे?

कृष्णाकाठ

हे यादीत हवंच, आणि आउटबोर्डच्या विरोधातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. मोटर चालू असताना मागे बारीक धार उडते, ती बंद पडली की पाणी ओढलं जात नाही हे लगेच कळतं. चालवणाऱ्याने त्या धारेवर डोळा ठेवायचा. धार गेली की मोटर बंद, पाय वर, तोंड साफ. रबरी पाती सोबत जास्तीची ठेवायची. बदलायला पाय सोडवावा लागतो, पण ते काम शिकवून येण्यासारखं आहे.

बोगद्याची खोबण मात्र तयार नावेला सहज होत नाही. ती नाव बांधतानाच करावी लागते. आपण तयार फायबरची नाव घेणार आहोत. तिच्या तळाला शाफ्टसाठी भोक पाडायचं, इंजिन शाफ्टच्या सरळ रेषेत बसवायचं, हे काम जरा चुकलं तरी थरथर सुटते आणि पॅकिंग गळायला लागतं. आत बसलेलं इंजिन मधली जागा खातं ती वेगळीच. पुरात ती जागा म्हणजे म्हातारी माणसं, पोरं, एखादं वासरू.

मळीकडच्यांचं मला पूर्ण मान्य आहे. रोज पल्याड जायला, ओझं वाहायला डिझेल इनबोर्ड हवं आणि त्यासाठी वेगळी नाव मागितली पाहिजे. त्या अर्जावर मी पहिली सही करीन. पण यंदाचा पैसा पुरासाठी आलाय. वरच्या अंगाला कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यावरून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आपल्याकडे वेळ फार नसतो. त्या वेळी घरातून उचलून आणून फळीला आवळता येईल आणि काहीही आडवं आलं तरी वर घेता येईल, असं यंत्र मला हवंय.

दरपत्रकात या गोष्टी घालाव्यात असं सुचवतो. मागच्या फळीची उंची आधी मोजायची, कारण मोटरीचा पाय साधारण पंधरा इंची किंवा वीस इंची फळीच्या मापाने येतो. आखूड पाय उंच फळीला लावला तर पंखा हवा ओढतो, लांब पाय ठेंगण्या फळीला लावला तर उथळात आपटतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी हवीच. तो पाण्यात पडला तर दोरी सुटून मोटर बंद होते, नाहीतर फिरता पंखा घेऊन नाव त्याच्याच अंगावर येते.

उद्यमबाग

माझं मत इनबोर्डच राहील. तरी तुमची आउटबोर्ड आलीच तर रबरी पाती बदलणं मी शिकून घेतो आणि गावातल्या दोन पोरांना शिकवतो. दरपत्रकात "प्रशिक्षण" असा एक शब्द घाला, विकणाऱ्याला एक दिवस यावं लागेल.

मळीकडचा

ते झालं. मोटर ठेवणार कुठं ते सांगा आधी. पंचायतीच्या हापिसात नको, ते पहिल्यांदा पाण्यात जातंय.

कृष्णाकाठ

शाळेच्या माडीवरची खोली. एक किल्ली नावाड्याकडे, एक तुमच्याकडे?

मळीकडचा

माझ्याकडं नको, मी पूर आला की पल्याड अडकतोय. डेअरीत ठेवा, तिथं पहाटे चारला माणूस असतोय.