उझबेकमधील उपसर्ग

उझबेक या मध्य आशियातील, तुर्की भाषाकुळातल्या भाषेचे शब्द केवळ मागे प्रत्यय जोडूनच घडतात आणि उपसर्ग ही इंग्रजीची मिरासदारी आहे, हे मत मूळ तुर्की शब्दसाठ्यापुरते मान्य आहे. इंग्रजीत ‘वर्क’ हेच नाम आणि तेच क्रियापद; उझबेकमध्ये मात्र ‘इश’ म्हणजे काम, ‘इशलामोक’ म्हणजे काम करणे आणि ‘इशसिझलिक’ म्हणजे बेकारी.

परंतु फारसीच्या दीर्घ सहवासात उझबेकने ‘बे’ (-विना), ‘नो’ (नकारार्थी), ‘सेर’ (भरपूर) हे उपसर्ग उचलले, आणि ते फारसी शब्दांपुरते राहिले नाहीत: ‘तोग्री’ (बरोबर) या अस्सल तुर्की शब्दापासून ‘नोतोग्री’ (चूक) झाला. इंग्रजी ‘रीबिल्ड’मध्ये लॅटिन उपसर्ग ‘री’ जर्मानिक (इंग्रजीच्या स्वतःच्या भाषाकुळातल्या) धातूला, तर आपल्या ‘बेसावध’मध्ये फारसी ‘बे’ संस्कृत शब्दाला असाच लागला आहे.