'कंपोझिटिंग'ला मराठीत काय म्हणाल?

तिरकीरेघ: एका तांत्रिक लेखाचा अनुवाद करतेय. अवाढव्य दृश्य अनेक संगणकांनी वाटून घ्यायचं, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या वस्तूंचं चित्र काढायचं आणि शेवटी सगळी चित्रं एकत्र करायची. ही शेवटची पायरी म्हणजे कंपोझिटिंग. मी 'प्रतिमा-मिश्रण' लिहिलं, संपादकांनी 'संमीलन' केलं. वर 'हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन'चं 'यंत्रांश-त्वरण'! माझं मलाच कळेना.

घोटीव: मिश्रण नकोच. भेळेत शेव आधी पडली की चुरमुरे, ढवळल्यावर कोण विचारतो? इथे विचारावं लागतं. भरीव वस्तूंचं सोपं आहे, प्रत्येक ठिपक्याची खोली, म्हणजे बघणाऱ्यापासूनचं अंतर, ताडायची आणि जवळचा ठेवायचा. धूर, ढग आले की क्रम चुकवून चालत नाही. संगणकचित्रांवर काम करणाऱ्या पोर्टर आणि डफ यांनी १९८४ साली मांडलेली 'ओव्हर', म्हणजे एका थरावर दुसरा ठेवायची, क्रिया बघा. निम्मा पारदर्शक लाल थर तशाच निळ्यावर ठेवला तर लालचा वाटा ५० टक्के, निळ्याचा २५. उलटा ठेवा, वाटे उलटे.

जुना खिळा: अहो, छापखान्यातल्या कंपोझिटरला मराठीत जुळारी म्हणतात की! वडील जुळारी होते. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हाताने खणांच्या केसमधला एकेक अक्षराचा खिळा, अक्षरं सगळी उलटी. 'प्रतिमाजुळणी' लिहा.

घोटीव: काका, खिळे शेजारी-शेजारी बसतात. पडद्याचेच तुकडे वाटले असतील तर जुळणी ठीक. इथे थरावर थर चढतात.

जुना खिळा: रफार, मात्रा वर बसवत नव्हतो काय?

घोटीव: वर, पण खालचं झाकत नव्हतात.

पाणिनीचा शेजारी: 'मिल्' म्हणजे भेटणे, त्यावरून संमिलन. 'मील्' म्हणजे डोळे मिटणे, त्यावरून निमीलन, उन्मीलन. पंचांगात खग्रास ग्रहणाच्या वेळा बघा: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संपादकांनी 'मि'चा दीर्घ 'मी' करून चित्रांना ग्रहण लावलंय.

घोटीव: मग तर नेमका शब्द सापडला! पुढच्याने मागच्याला झाकणं, हेच तर काम.

पाणिनीचा शेजारी: चुकून बरोबर आलेलं मी बरोबर धरत नाही.

तिरकीरेघ: आणि त्वरण? लेख लाइटनिंग-२ या चित्रं एकत्र करणाऱ्या यंत्राबद्दल आहे, स्टॅनफर्ड आणि इंटेल, २००१. चित्र ग्राफिक्स कार्डातून परत मेमरीत वाचून नेटवर्कवर धाडण्यात वेळ जायचा. यांनी मॉनिटरकडे जाणारा डीव्हीआय सिग्नलच आपल्या यंत्रात घेतला आणि चित्रं तिथे एकत्र केली.

घोटीव: त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. इथे वेग कुठे बदलतोय? काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलंय. सरळ लिहा, 'त्यासाठी वेगळं यंत्र'.

पाणिनीचा शेजारी: 'हार्डवेअर'ला निदान...

जुना खिळा: हार्डवेअर म्हणजे आमच्याकडे खिळे-बिजागरीचं दुकान. बाकी ते मोक्षाचं सांगा, मोक्ष म्हणजे ग्रहण सुटायला लागतं तेव्हा की पूर्ण सुटल्यावर? आंघोळीवरून घरात दर वेळी वाद.

तिरकीरेघ: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय हो.

पाणिनीचा शेजारी: पूर्ण सुटल्यावर. सुटायला लागतं ते उन्मीलन.